गावची बातमी लिहिताय? आधी मोबाइलवर हे बघा
भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ही बातमी दरवर्षी छापून येते, पण कागद क्वचितच कोणी तपासतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या वेबसाइटवर कोणत्या गावात किती घरांना नळ दिला ते दिसतं. नवख्या पत्रकारानं तो आकडा घेऊन पाड्यावर जावं, नळ सोडून बघावा. ग्रामपंचायतीचा आराखडा नि खर्च ई-ग्रामस्वराजवर सापडतो. दोन्ही फुकट, फक्त रेंज पाहिजे. तिथं नसेल ते माहिती अधिकारात मागता येतं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पत्रकारितेच्या पोरांनी गावाकडची बातमी कशी लिहितात हे बघायला पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं ‘परी’ वाचावं. ते मराठीतही आहे.