१९७२ ची लाल मिलो आणि आजची ज्वारी

घरातील आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल ‘मिलो’ अनेकांना आठवते. नाइलाजाने खाल्लेली ती मिलो म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. तिचा लाल रंग दाण्याच्या सालीतील पॉलिफेनॉल्समुळे येतो. प्रयोगशाळेतील चाचण्यांत या घटकांनी अँटिऑक्सिडंट आणि दाह कमी करणारे गुण दाखवले. तेव्हा नाक मुरडलेले धान्य आज ‘सुपरफूड’ झाले.

भिवंडीतील माझ्या दवाखान्यात रुग्ण विचारतात, “डॉक्टर, ज्वारी सुरू केली, आता साखरेची गोळी बंद करू का?” मुळीच नको! प्रयोगशाळेतला गुण शरीरात तसाच उतरेल असे नाही. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. पीठ न चाळता भाकरी जरूर खा, पण मोजून. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.