दुकानाच्या नावाचा टी-शर्ट

शिरूर-दौंडकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत खेळाडूच्या पाठीवर त्याचं नाव असतं आणि छातीवर बहुतेक वेळा कुणाचं तरी दुकान: हार्डवेअर, ज्वेलर्स, कृषी सेवा केंद्र. नातं एवढ्या टी-शर्टापुरतंच. कुठला युरिया मागवू, असं कृषी सेवा केंद्रवाल्याने यष्टिरक्षकाला विचारल्याचं ऐकिवात नाही. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये गिरण्या, बँका आणि कंपन्या एकमेकींविरुद्ध खेळल्या, त्यासाठी खेळाडूंना नोकऱ्याही दिल्या. पण तिथेही गिरणीचं कापड आणि फलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह यांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

स्केटबोर्डिंगमध्ये दुकान विरुद्ध दुकान अशा सांघिक स्पर्धा होतात, त्यांचं कुळ वेगळं आहे. युरोपात ‘व्हॅन्स शॉप रायट’ नावाची मालिकाच चालते. गावोगावच्या स्केट दुकानांचे छोटे संघ आधी आपापल्या देशात भिडतात आणि जिंकलेली दुकानं युरोपच्या अंतिम फेरीला जातात. या खेळात दुकान नुसतं पुरस्कर्तं नव्हतं. कुस्तीत तालमीला जी जागा, ती इथे दुकानाला मिळाली, कारण मैदान, वस्ताद आणि संघटना यांतलं काहीच हाताशी नव्हतं.

बोर्डाचा एक चुलतभाऊ आपल्याकडेही होता. बेरिंगची गाडी. गॅरेजमधून निकामी बेरिंग मागून आणायचे, लाकडाच्या दांड्यावर ठोकून बसवायचे, वर फळी टाकायची आणि उतार शोधायचा. नगर रस्त्यावरच्या ट्रकांमुळे शिरूरला गॅरेजांचा तुटवडा कधीच नव्हता. दौंड तर रेल्वेचं जंक्शन. लोखंडाची कडी डांबरावर अशी खणखणायची की गल्लीतली दुपारची झोप मोडलीच. अमेरिकेतल्या पोरांनी याच धर्तीची करामत केली. रोलर स्केटचा बूट उकलून त्याची चाकं फळीखाली ठोकली, वर फळांचं खोकं उभं केलं. पुढे खोकं गेलं आणि फळी राहिली. आजच्या बोर्डाच्या चाकात 608 क्रमांकाचं बेरिंग असतं: आतला व्यास 8 मिलिमीटर, बाहेरचा 22, जाडी 7. छोट्या मोटरींत आणि ड्रिल मशीनमध्येही हेच बसतं, त्यामुळे ते मिळवायला स्केटचं दुकान शोधावं लागत नाही.

आपली बेरिंगची गाडी गॅरेजच्या भंगारावरच थांबली. तिकडच्या फळीला दुकान भेटलं, आणि तेही सर्फिंगचं. समुद्रात लाट नसेल त्या दिवशी सर्फर रस्त्यावर फळी काढायचे. 1962 मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या ‘वॅल सर्फ’ या दुकानाने शिकागो रोलर स्केट कंपनीकडून चाकांचे संच मागवले आणि आपल्या फळ्यांना जोडून विकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी हर्मोसा बीचमधल्या पिअर अव्हेन्यू शाळेत स्केटबोर्डची पहिली स्पर्धा म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा झाली. ती भरवली लॅरी स्टीव्हनसनच्या ‘मकाहा’ने, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यानेच. माल विकणाराच स्पर्धा भरवतो आणि त्याचीच पोरं तीत उतरतात, हा पायंडा तेव्हाचा. आज आपण याला हितसंबंध म्हणू. पण दुसरं भरवणारं होतं कोण?

1965 मध्ये अनाहाइमच्या स्पर्धेचं दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण झालं, ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बोर्डावर हातांवर उभी राहिलेली पॅट मॅक्गी झळकली, आणि त्याच सुमारास खेळ कोसळला. दोष चाकांचा. तेव्हाची चाकं क्ले नावाच्या ठिसूळ मिश्रणाची होती. ती घसरत, आणि वाटेत बारीकसा खडा आला तरी बोर्ड जागीच थांबे. वर उभी असलेली पोरगी किंवा पोरगा मात्र पुढे जाई. हातपाय मोडले, शहरांनी बंदी घातली, दुकानदारांकडे माल पडून राहिला.

खेळ परत आणला तो पॉलियुरेथेनने. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली पॉलियुरेथेनची चाकं दिसली. ती रस्ता पकडून ठेवत आणि खडा गिळून पुढे जात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ती ‘कॅडिलॅक’ नावाने कॅलिफोर्नियात विकायला काढली. वळणावर अंग झोकून देणं त्यानंतर शक्य झालं. तंत्र, शैली, धिटाई यांच्या गप्पा नंतरच्या, आधी चाक.

आणि मग एप्रिल 1975, कॅलिफोर्नियातलं डेल मार. स्पर्धेच्या नावातच बोर्ड आणि चाकाच्या कंपन्या होत्या: ‘बाने-कॅडिलॅक’ राष्ट्रीय स्पर्धा. तिथे सांता मोनिकाच्या एका सर्फबोर्डच्या दुकानाचा संघ आला, निळे टी-शर्ट आणि निळे व्हॅन्सचे बूट घालून. दुकान जेफ हो, स्किप एंगब्लॉम आणि क्रेग स्टेसिक या तिघांचं, ‘झेफिर’. ज्या भागात ते होतं तो पडका, ओसाड पडलेला किनारा होता. पोरं शाळेनंतर दुकानातच पडीक असायची, बिकनेल टेकडीच्या रस्त्यावर आणि शाळांच्या उतरत्या डांबरी पटांगणांत सराव करायची. संघात टोनी अल्वा, जे अॅडम्स, स्टेसी पेराल्टा, शोगो कुबो, आणि एकच मुलगी, पेगी ओकी.

बाकीचे स्पर्धक ताठ उभे राहून गिरक्या घेत होते, बोर्डावर हातांवर उभे राहत होते. झेफिरची पोरं गुडघे मोडून जमिनीलगत गेली, तळहात जमिनीवर टेकवून वळली. ती नक्कल होती हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन याची. तो लाटेला हात लावून वळायचा. परीक्षकांना याला गुण कसे द्यायचे हेच उमगेना. जे अॅडम्सला कनिष्ठ गटात तिसरं स्थान मिळालं. पेगी ओकीने मात्र मुलींची फ्रीस्टाइल जिंकली. आज इतिहास त्या स्पर्धेच्या बहुतेक विजेत्यांना विसरलाय आणि त्या दुकानाचं नाव लक्षात ठेवलंय. त्यात पेराल्टाने स्वतः 2001 मध्ये काढलेल्या माहितीपटाचा वाटा मोठा आहे, हेही सांगायला हवं. आपल्या तालमीचा पोवाडा आपणच रचलेला.

गंमत अशी की संघ वर्षभरही धड टिकला नाही. मोठ्या कंपन्यांनी एकेकाला उचललं आणि दुकान बंद पडलं. पण साचा राहिला. दुकान चार-पाच पोरं निवडतं, त्यांना फळ्या, चाकं, बूट फुकट किंवा स्वस्तात देतं. पोरं तो माल मोडेपर्यंत वापरतात आणि कुठली फळी कुठे तडकते, कुठलं चाक किती दिवसांत झिजतं, हे दुकानदाराला फुकटात कळतं. टाइम्स शील्डच्या गिरणीला ही सोय नव्हती. गल्ल्यावर उभा राहणारा संघातलाच असतो, म्हणून दहा वर्षांच्या गिऱ्हाईकाला पहिली फळी विकताना तो पाय कुठे ठेवायचा तेही दाखवतो. मी दुकानांच्या या स्पर्धांकडे पाहतो तो याच कारणासाठी. ऑलिंपिकमध्ये, टोकियोपासून, स्केटबोर्डिंग निव्वळ वैयक्तिक आहे. तिथे तेरा वर्षांची मोमिजी निशिया सुवर्ण जिंकते ती जपानसाठी. दुकानांच्या स्पर्धेत हरलेला संघ सोमवारी त्याच गल्ल्यावर उभा असतो, आणि कोण पडलं हे गिऱ्हाइकांना माहीत असतं.

भारतात क्रम उलटा लागला. रोलर स्केटिंगची राष्ट्रीय संघटना 1955 पासूनची. स्केटबोर्ड तिच्याच पंखाखाली आला. गोव्यात एका ब्रिटिश स्केटबोर्डरने रॅम्प उभारले, बेंगळुरूच्या ‘होलीस्टोक्ड’ या स्केटबोर्डरांच्या गटातल्या पोरांनी 2013 मध्ये देशोदेशींच्या मित्रांना बोलावून स्केटपार्कसाठी स्वतः काँक्रीट ओतलं, तेवढा डेल मारच्या वळणाचा धागा. बाकी सारं जिल्हा, राज्य, राष्ट्रीय या उतरंडीने. शिरूर-दौंडच्या खेळसाहित्याच्या दुकानात आज कॅरम बोर्ड, क्रिकेटच्या बॅटी आणि स्केटिंग क्लाससाठी लागणारे चाकांचे बूट मिळतील. बोर्ड असलाच तर खेळण्यांच्या कप्प्यात. त्याच्या चाकाचा कडकपणा किती, हे विचारणारं गिऱ्हाईकच नाही, तर सांगणारा संघ कुठून येणार?

2022 मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्ण जिंकलं. त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की तिचे वडील एका खेळसाहित्याच्या दुकानात सुरक्षारक्षक होते आणि बोर्डाशी तिची ओळख तिथेच झाली. पदकतक्त्यात ते सुवर्ण महाराष्ट्रापुढे मांडलं गेलं. दुकानासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.