सांडव्याचा कारभारी

दर पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत येते, आणि ते उघडण्याचा हुकूम कोणी दिला, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात सहसा उठत नाही. हुकूम कोणीच दिलेला नसतो. पाणी ठरल्या पातळीला पोहोचले की पाण्याच्याच भाराने दरवाजा उघडतो आणि पाणी उतरले की आपोआप मिटतो. मोटारीच्या इंजिनाला टर्बो जोडू पाहणाऱ्या यंत्रज्ञांना असाच एक सांडवा करावा लागला, त्याला वेस्टगेट म्हणतात; पण पुढे अशी वेळ आली, की त्या स्वयंचलित आणि प्रामाणिक सांडव्याची थोडीशी दिशाभूल केल्यावाचून इंजिनाचा कारभार नीट चालेना. ही दिशाभूल ज्याच्या हातून होते, तो मुठीत मावणारा विजेचा वाल्व म्हणजे टर्बोचा दाब, अर्थात बूस्ट, सांभाळणारा सॉलेनॉइड.

टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात जी शक्ती व्यर्थ जाते तिने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळून अधिक बळ मिळवावे, अशा आशयाचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी एक लिबर्टी विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या पर्वतावर चढवून नेले. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. पण उंचीवर टर्बोचे काम हवेची तूट भरून काढण्याचे असते. रस्त्यावरच्या मोटारीला मुळात तूटच नसते, आणि जे घडते ते मुद्दलावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज चढावे तसे: हवा वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की चक्र अधिक वेगाने फिरते आणि हवा आणखी वाढते. या वाढीला कोठेतरी बांध घातला नाही, तर सिलिंडरमधील इंधनमिश्रण ठिणगीची ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता आपल्याच उष्णतेने पेटते, आतून हातोडीचे घाव पडल्यासारखा आवाज येऊ लागतो, आणि थोड्याच वेळात पिस्टनला भोक पडते. मेस्त्री लोक त्या आवाजाला नॉकिंग म्हणतात.

१९६२ साली अमेरिकेत टर्बो लावलेल्या दोन मोटारी बाजारात आल्या आणि दोघींनी या संकटावर दोन निरनिराळ्या तजविजी केल्या. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरला सांडवाच नव्हता. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांच्या वाटा इतक्या अरुंद ठेवल्या होत्या, की दाब वाढूच नये. ओल्ड्समोबिल जेटफायरला मात्र वेस्टगेट होते, आणि शिवाय दाब चढला की इंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची व्यवस्था होती. त्या मिश्रणाची टाकी रिकामी झाली की दुसरी एक झडप मिटून दाब रोखून धरी. कल्पना मोठी चतुर होती. पण ती टाकी भरण्याची जबाबदारी मालकाकडे होती आणि मालक ती विसरत. दोन वर्षांत दहा हजारांच्या आत गाड्या विकल्या गेल्यावर ते प्रकरण बंद झाले, आणि कित्येक गाड्यांचे टर्बो कंपनीनेच उतरवून दिले.

शर्यतींच्या जगात निराळाच शिरस्ता होता. पोर्शेच्या ९१७/३० या १९७३ सालच्या गाडीत दाब कमी-अधिक करण्याची कळ चालकाच्या हाताशीच होती, म्हणजे सांडव्याचा अधिकारी प्रत्यक्ष सारथीच. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला आणि आठ-नऊ वर्षांत अशी अवस्था आली, की पात्रता-फेरीपुरते काही संघ वेस्टगेट सरळ झाकून टाकीत. दोन-चार फेऱ्यांनंतर इंजिन निकामी झाले तरी त्यांना त्याची क्षिती नसे. शेवटी १९८७ साली ४ बार आणि १९८८ साली २.५ बार अशी मर्यादा घालणारी झडप सर्वांवर सक्तीची झाली, आणि १९८९ साली टर्बोला मज्जावच झाला.

पण बाजारहाटाला जाणाऱ्या मोटारीचा प्रश्न सुटला तो स्वीडनमध्ये. साब कंपनीने १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो मांडली तेव्हा तिचा विशेष बळात नव्हता. लहान टर्बो घ्यावा, म्हणजे तो कमी वेगातच जागा होईल, आणि पुढे होणारा अतिरेक वेस्टगेटने बाहेर सोडावा, हा विवेक त्या रचनेत होता. तरीही एक अडचण उरली. वेस्टगेटच्या डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. कंप्रेसरपासून आलेल्या रबरी नळीतला दाब स्प्रिंगवर मात करील इतका झाला, म्हणजे पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी झडप उघडते आणि धुराचा काही भाग चक्राला वळसा घालून निघून जातो. ही स्प्रिंग एकदा कारखान्यात बसली की तिचे मत कायमचे ठरते. आज टाकीत उंची पेट्रोल आहे की हलके, हवा पौषातली आहे की वैशाखातली, याची दखल घेण्याची तिला मुभाच नसते. त्यामुळे वाइटात वाईट पेट्रोल गृहीत धरून तिला भित्रीच ठेवावी लागे, आणि चांगले पेट्रोल भरणाऱ्याच्या पदरी त्याचे फळ पडत नसे.

साबचे पेर यिलब्रांड यांनी यावर जो उपाय काढला, तो १९८२ सालच्या ९०० टर्बोत एपीसी या नावाने आला. त्यांनी स्प्रिंग बदलली नाही. स्प्रिंगपर्यंत पोहोचणारी खबर बदलली. इंजिनाच्या अंगावर नॉकिंग ऐकणारा एक कान बसवला, दाब मोजणारे एक उपकरण ठेवले, आणि वेस्टगेटच्या नळीत तीन तोंडांचा सॉलेनॉइड घातला. साबच्या या वाल्ववर सी, डब्ल्यू आणि आर ही अक्षरे असत: कंप्रेसर, वेस्टगेट आणि परतीची वाट. वीज नसली की सी मधला दाब जसाच्या तसा डब्ल्यूकडे जाई. वीज मिळाली की डब्ल्यूकडचा दाब आरच्या वाटेने निसटे. जुन्या काळी एखादा मामलेदार हुजुरास वसुलाचा आकडा कमी करून कळवी, तसे पडद्याला खऱ्यापेक्षा कमी दाबाचे वर्तमान मिळे, आणि तो झडप मिटूनच ठेवी. नॉकिंग ऐकू आले, की या वाल्वरूपी कारकुनाने तत्क्षणी खरा आकडा सांगावा आणि सांडवा उघडू द्यावा, एवढीच शिस्त. इंजिनाच्या इतिहासात हा शोध टर्बोइतकाच मोलाचा मानावा असे मला वाटते; कारण बळ आणि सावधपणा यांतून एकाची निवड करण्याची सक्ती त्याने संपवली.

हौशी माणसाने आपल्या गाडीत असा वाल्व बसवायचा म्हटले, म्हणजे पहिली निवड तोंडांच्या संख्येची. दोन तोंडांचा वाल्व नळीतील दाब फक्त गळू देतो. त्याच्याबरोबर बारीक छिद्राचा अडसर नळीत ठेवावाच लागतो, नाहीतर जेवढे गळते तेवढे मागून भरून निघते. तीन तोंडांचा वाल्व पडद्याला एकदा दाबाशी आणि एकदा मोकळ्या हवेशी असा आळीपाळीने जोडतो, म्हणून त्याचा अंमल अधिक विस्तृत आणि अधिक तत्पर असतो. अमेरिकेतील मॅक कंपनीचे वाल्व या कामी लोकप्रिय झाले, ते मुळात कारखान्यांतील दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी घडवलेले; दिवसभर उघडझाप करण्याची त्यांना सवयच असते.

तारा दोनच, पण चूक होते ती येथेच. एक तार किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या बारा व्होल्टच्या वाटेवरून फ्यूजमार्गे आणावी. दुसरी थेट अर्थला न देता इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे न्यावी, आणि त्यानेच ती सेकंदाला वीस-तीस वेळा अर्थशी जोडावी व तोडावी. त्या प्रत्येक अल्पशा अवधीत वीज किती वेळ चालू राहिली, यावर वाल्वचे असत्य किती टक्के, ते ठरते. दुसरी तार कोणी घाईने अर्थला जोडून टाकली, तर पडद्याला दाबाची वार्ताच कधी मिळत नाही आणि इंजिनाचा घात होतो. तोडणी फार संथ असेल तर दाब हेलकावे खातो. फार जलद असेल तर आतला दट्ट्या तिच्या मागे धावू शकत नाही. वीज तुटताना कॉइलमधून उलटी उसळी येते, तिचा बंदोबस्त डायोडने करावा लागतो. हा डायोड वाल्वमध्येच बसवलेला असला, तर कोणती तार कोठे जाते याला महत्त्व येते, एरवी नाही. दाबाची नळी थ्रॉटलच्या आधी, कंप्रेसरच्या तोंडाजवळून घ्यावी आणि ती आखूड ठेवून क्लिपांनी आवळावी. वीज गेली तर स्प्रिंगचा जुना प्रामाणिक अंमल परत येतो खरा, पण नळी निसटली तर वाचवणारे कोणीच उरत नाही.

कागदावरची मर्यादा आणि यंत्राची ताकद यांमधली फटही या नळीत लपवता येते, हे जपानने दाखवले. १९८९ सालच्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरची अश्वशक्ती कागदोपत्री २८०, कारण तेथील कारखानदारांनी आपसात तेवढाच करार केला होता. पण सॉलेनॉइडच्या नळीतला एक चिमुकला अडसर काढून टाकला, की दाब आपोआप चढे, आणि हे मर्म तेथील प्रत्येक गॅरेजला ठाऊक होते. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडणी होऊन २००४ साली आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसच्या १.८ लिटर इंजिनावरही हाच कारकून होता. जर्मन दप्तरात त्याचे नाव एन७५.

पण पुढे चाकणला घडलेल्या फोक्सवागन पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे इंजिन आले, आणि त्याच्या वेस्टगेटची दांडी विजेच्या लहानशा मोटारीने हलू लागली. तेथे रबरी नळी नाही, पडदा नाही, दिशाभूल करण्यासारखी स्प्रिंगही नाही. कॉम्प्युटर थेट झडपेलाच हुकूम देतो, आणि सी, डब्ल्यू, आर या अक्षरांचा वाल्व आता जुन्या साबांच्या बॉनेटखालीच पाहावयास मिळतो.