इंजिन डाउनसायझिंग

इंजिन डाउनसायझिंग म्हणजे मोटारीतील मोठ्या घनक्षमतेच्या इंजिनाऐवजी लहान घनक्षमतेचे, परंतु टर्बोचार्जरच्या साहाय्याने तेवढीच किंवा त्याहून अधिक शक्ती देणारे इंजिन बसविणे होय. याला इंजिनाचे लघूकरण असेही म्हणता येईल. इंधनाची बचत आणि कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात घट हे त्याचे घोषित हेतू आहेत. भारतात मात्र या बदलाला इंधनबचतीइतकीच करव्यवस्थाही कारणीभूत ठरली. चाकण, नाशिक व रांजणगाव येथील कारखान्यांमुळे महाराष्ट्र हे अशा मोटारींच्या उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र आहे. या लेखातील अश्वशक्तीचे आकडे मेट्रिक अश्वशक्तीत दिले आहेत.

तत्त्व

इंजिनाची घनक्षमता म्हणजे सर्व सिलिंडरांतील दट्ट्यांनी एका फेरीत व्यापलेले एकूण घनफळ. ते घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजेच ‘सीसी’मध्ये मोजतात. १ किलोग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. त्यामुळे इंजिन किती शक्ती देईल हे प्रामुख्याने त्याला किती हवा मिळते यावर अवलंबून असते. टर्बो नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच हवा आत घेऊ शकते. म्हणून पूर्वी अधिक शक्ती हवी असल्यास अधिक सीसी हाच सरळ मार्ग होता.

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमुळे पहिले चक्र फिरते आणि दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. लहान टर्बोचार्जरचा वेग मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्याही पुढे जाऊ शकतो. दाबल्यामुळे हवा तापते व विरळ होऊ लागते, म्हणून वाटेत इंटरकूलर बसवून ती थंड केली जाते. एरवी धुराड्यातून वाया जाणारी ऊर्जा अशा रीतीने अंशतः उपयोगात येते.

इंधन वाचते ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण घर्षणाचे आहे: सिलिंडर कमी व दट्टे लहान असल्याने घासणारे पृष्ठभाग कमी होतात. दुसरे कारण पेट्रोल इंजिनापुरते महत्त्वाचे आहे. शहरात संथ चालताना मोठ्या पेट्रोल इंजिनाला थोडीच शक्ती द्यावी लागते. त्यासाठी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि दट्ट्याला अर्धवट निर्वातातून हवा ओढावी लागते. या खटाटोपात खर्च होणाऱ्या ऊर्जेला पंपिंग हानी म्हणतात. तेवढ्याच कामासाठी लहान इंजिनाची झडप अधिक उघडावी लागते, त्यामुळे ही हानी घटते. डिझेल इंजिनात शक्तीचे नियंत्रण हवा रोखून नव्हे तर इंधन कमीजास्त करून होते. म्हणून तेथे डाउनसायझिंगचा फायदा घर्षण आणि वजन यांपुरता, म्हणजे तुलनेने कमी असतो.

इतिहास

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची असून त्यांचे पहिले पेटंट १९०५ सालचे आहे. प्रवासी मोटारींत तो १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेर या गाड्यांमधून आला. १९७०च्या दशकातील बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, पोर्शे ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो या गाड्यांत त्याचा उपयोग वेगासाठी होता, बचतीसाठी नव्हे. बचतीसाठी टर्बो ही कल्पना पेट्रोल मोटारींत रुजली ती २००५ नंतर. फोक्सवॅगनचे १.४ लिटर टीएसआय, फियाटचे ८७५ सीसीचे दोन सिलिंडरांचे ट्विनएअर (२०१०) आणि फोर्डचे ९९९ सीसीचे तीन सिलिंडरांचे इकोबूस्ट (२०१२) ही त्यातील महत्त्वाची इंजिने होत. इकोबूस्टला २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला.

भारतातील करव्यवस्था

२००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘लहान मोटार’ या वर्गासाठी उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. ४ मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, अशी या वर्गाची व्याख्या होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावरही याच मर्यादा कायम राहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील मोटारींवर १८ टक्के आणि इतर पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के कर आहे. भारतीय बाजारातील अनेक इंजिने ११९७, ११९९ किंवा १४९७ सीसीची का असतात, याचे उत्तर यंत्रशास्त्रात नव्हे तर या व्याख्येत आहे. सीसी आणि लांबी या दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. लांबी ४ मीटरहून अधिक असलेल्या मोटारीत ९९९ सीसीचे इंजिन बसवले तरी ती लहान मोटार ठरत नाही.

या व्याख्येत बसणाऱ्या गाडीलाही जोम हवा, हा ग्राहकांचा आग्रह टर्बोने पुरा केला. बोलीभाषेत ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो गुण सीसी न वाढवता देता येऊ लागला. रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सन (२०१७) आणि नाशिक येथे तयार झालेली महिंद्रा एक्सयूव्ही३०० (२०१९) या दोन्ही गाड्यांत १२०० सीसीच्या आतील तीन सिलिंडरांचे टर्बो पेट्रोल इंजिन होते आणि दोन्हींची लांबी ४ मीटरच्या आत ठेवलेली होती.

महाराष्ट्रातील उदाहरणे

ग्रामीण महाराष्ट्रात या बदलाचे सर्वांत परिचित उदाहरण महिंद्रा बोलेरो हे आहे. २००० साली बाजारात आलेल्या या गाडीचे २५२३ सीसीचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन नंतरच्या आवृत्तीत ६३ अश्वशक्ती आणि १९५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘बोलेरो पॉवर प्लस’ या नावाने १४९३ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली आवृत्ती आली. तिची शक्ती ७१ अश्वशक्ती होती, तर टॉर्क पूर्वीइतकाच राहिला. घनक्षमता हजाराहून अधिक सीसीने घटली आणि गाडीची लांबीही ४ मीटरच्या आत आणली गेली. जुन्या इंजिनालाही टर्बो होता, त्यामुळे हा केवळ टर्बो जोडण्याचा प्रकार नव्हता. लहान इंजिनात हवा अधिक दाबाने भरणे आणि इंधनाची फवारणी अधिक अचूक करणे यांतून ही शक्ती मिळाली. भारत स्टेज ६ निकषांनंतरही (२०२०) हीच घनक्षमता कायम राहून शक्ती ७६ अश्वशक्ती झाली.

पेट्रोल इंजिनांत चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो हे जवळजवळ प्रयोगशाळेतले उदाहरण आहे, कारण एकाच गाडीत दहा वर्षांत तीन इंजिने आली. २०१० मध्ये आलेले १५९८ सीसीचे टर्बोरहित इंजिन १०५ अश्वशक्ती व १५३ न्यूटन-मीटर टॉर्क देई. २०१३च्या जीटी टीएसआय आवृत्तीतील ११९७ सीसीच्या टर्बो इंजिनाची शक्ती तेवढीच, १०५ अश्वशक्ती होती, पण टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता. २०२० मध्ये त्याची जागा ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाने घेतली. त्याची शक्ती ११० अश्वशक्ती आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता. चालकाला जाणवणारा मोठा फरक कमाल शक्तीत नसून टॉर्क कोठे मिळतो यात आहे. टर्बोरहित इंजिनाला कमाल टॉर्कसाठी मिनिटाला ३८०० फेऱ्यांपर्यंत जावे लागे, तर टर्बो इंजिन तो १५००च्या आसपासच देऊ लागे. पुढची गाडी ओलांडताना गिअर बदलण्याची गरज त्यामुळे कमी होते.

कायद्याच्या आदेशाने झालेले डाउनसायझिंग वेगळेच. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात २००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीस मनाई केली. महिंद्राने पुढच्याच महिन्यात स्कॉर्पिओ व एक्सयूव्ही५०० यांसाठी २१७९ सीसीऐवजी १.९९ लिटरचे इंजिन आणले आणि शक्ती पूर्वीइतकीच ठेवली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर ही मनाई उठली.

प्रमाणित आणि प्रत्यक्ष इंधनवापर

भारतात मोटारींच्या जाहिरातीत दिला जाणारा इंधनक्षमतेचा आकडा बहुधा पुण्याच्या एआरएआय या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या चाचणीचा असतो. ही चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर होते आणि तिच्या ठरावीक चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. चक्राचा मोठा भाग संथ गतीचा असल्याने पंपिंग हानीतील बचत तेथे पुरेपूर दिसते. लहान टर्बो इंजिनाला ही परीक्षा सोयीची आहे.

रस्त्यावर चित्र वेगळे असू शकते. वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरुळपीर व कारंजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ९० ऐवजी १२०च्या वेगाने जाताना हा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती सव्वादोन पटींहून अधिक होते. मध्यम आकाराच्या मोटारीला सपाट रस्त्यावर या वेगासाठी साधारण २५ ते ३० अश्वशक्ती पुरते. १ लिटरचे इंजिन ती सहज देते, पण ते आता टर्बोच्या दाबाच्या उंबरठ्यावर काम करत असते. मोठ्या इंजिनाची झडपही या वेगाला बरीच उघडी असल्याने त्याची पंपिंग हानी आपोआप घटलेली असते. म्हणून शहरात दिसणारे अंतर महामार्गावर कमी होते. त्यात उंच बांध्याची गाडी, पाच माणसे, सामान आणि वातानुकूलन यांची भर पडली की ते आणखी आक्रसते.

विदर्भाचा उन्हाळाही विचारात घ्यावा लागतो. ४५ अंश सेल्सिअस तापमानाची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बो ही तूट भरून काढतो, परंतु इंटरकूलरला गरम हवेनेच थंडावा मिळवायचा असतो. सिलिंडरमध्ये जाणारी हवा तापलेली असली की मिश्रण ठिणगीआधीच किंवा अनियंत्रितपणे पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. त्यात शक्ती व इंधनक्षमता दोन्ही थोडी घटतात.

प्रमाणित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील या तफावतीकडे अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकाने २०१३ मध्येच लक्ष वेधले होते. त्यांच्या चाचण्यांत अनेक लहान टर्बो गाड्या मोठ्या टर्बोरहित गाड्यांपेक्षा अधिक ‘अ‍ॅव्हरेज’ देताना आढळल्या नाहीत.

मर्यादा व देखभाल

लहान सिलिंडरात अधिक दाब निर्माण होत असल्याने भाग अधिक मजबूत करावे लागतात आणि इंजिन महाग होते. पायाखालचा पेडल दाबल्यापासून टर्बो वेग घेईपर्यंतचा विलंब (टर्बो लॅग) आधुनिक इंजिनांत बराच कमी झाला असला तरी नाहीसा झालेला नाही. तीन सिलिंडरांचे इंजिन चारांपेक्षा अधिक थरथरते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत काजळीचे सूक्ष्म कण अधिक निर्माण होतात, तसेच आतयेणाऱ्या झडपांवर कार्बनचा थर साचू शकतो. कमी फेऱ्यांवर मोठा भार दिल्यास होणारे अकाली प्रज्वलन दट्ट्याला इजा करू शकते. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नये, असे सांगितले जाते ते यासाठी.

टर्बोचा दांडा वंगण तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्यामुळे ठरवून दिलेल्या प्रतीचे तेल आणि ते वेळेवर बदलणे याला येथे टर्बोरहित इंजिनापेक्षा अधिक महत्त्व आहे. महामार्गावर दीर्घकाळ वेगात चालवलेली गाडी थांबताच बंद करू नये, मिनिटभर संथ चालू ठेवावी, ही सूचना टर्बोच्या बेअरिंगमधील तेल उष्णतेने करपू नये म्हणून असते.

राइटसायझिंग

२०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल उत्सर्जन चाचणीतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर युरोपात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन मोजण्यावर भर वाढला आणि सप्टेंबर २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही अधिक कठोर चाचणी लागू झाली. अतिलहान इंजिनांना मिळणारा चाचणीतील लाभ त्यामुळे कमी झाला. फोक्सवॅगनने १.४ लिटर टीएसआयच्या जागी १.५ लिटरचे इंजिन आणले. भार कमी असताना ते चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते. गाडीच्या वजनाला व वापराला साजेशी घनक्षमता निवडण्याच्या या धोरणाला राइटसायझिंग म्हणतात. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस व टायगुन या मोटारींत ९९९ सीसीचे ११५ अश्वशक्तीचे आणि १४९८ सीसीचे १५० अश्वशक्तीचे अशी दोन्ही इंजिने मिळतात. भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट भारत स्टेज ६च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.