साष्टीतील आगोटीची बेगमी

मांस काय किंवा मासळी काय, नासते ती अंगच्या जलांशामुळे, आणि तो जलांश काढून घेतला असता तेच अन्न महिनोन्‌महिने टिकते, हे तत्त्व मनुष्याला प्रयोगशाळांच्या फार पूर्वी अवगत झाले होते. अँडीज पर्वतातील लोकांनी रात्रीची गोठविणारी थंडी आणि दिवसाचे ऊन यांच्या साहाय्याने लामाचे मांस वाळवून चार्की सिद्ध केली. आजच्या कारखान्यांत गोठविलेल्या मांसातील बर्फाची निर्वात पेटीत थेट वाफ करतात. मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटावर हिम नाही. परंतु पावसाळा सरल्यानंतरचे कोरडे वारे, कडक ऊन आणि खाडीकाठचे मीठ एवढ्या साधनांवर वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथील कोळ्यांनी सुक्या मासळीचा जो व्यवहार उभा केला, तो याच विद्येचा आपल्या भूमीतील आविष्कार होय.

हा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला; १९२० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंमल पालटले, दफ्तरे पालटली, तरी आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा, नियम पालटला नाही. ज्येष्ठात दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईपर्यंत घरातील साठ्यावर निर्वाह करावयाचा, असा हा दस्तूर होता. म्हणूनच या साठ्याची बेगमी ही चैन नसून संसाराचा आधार होती.

या बेगमीचा भार मुख्यतः स्त्रियांनी वाहिला. डोल जाळ्यात सापडलेले बोंबील निवडून, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, बांबूंना बांधलेल्या आडव्या दोरांवर टांगावयाचे. जवळा अंगणात पसरावयाचा. कोळंबी सोलून सोडे करावयाचे. आणि दव किंवा अवकाळी ढग दिसताच सर्व माल आवरावयाचा, हे काम अखंड सावधानतेचे आहे. बोंबील व जवळा मिठावाचून वाळतात. घोळ, सुरमई यांसारख्या मांसल माशांना मात्र मीठ भरावे लागते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूंस मिठागरे पसरलेली असूनही इंग्रजी अमलात मिठावर सरकारी कर होता, त्यामुळे खारवण्याचा खर्च वाढे. १९३० मध्ये विलेपार्ल्याच्या छावणीतून मिठाचा सत्याग्रह चालला, त्याचा अर्थ मासळी खारवणाऱ्या घरांना निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो कर १९४७ मध्ये उठला.

साठविलेल्या मासळीचा स्वयंपाक हेही एक शास्त्रच आहे. बोंबलाचे डोके व पर छाटून, तुकडे तव्यावर किंचित भाजून, कोमट पाण्यात थोडाच वेळ ठेवावेत. अधिक भिजविल्यास त्यांचा कस पाण्यात उतरतो. जवळ्यातील वाळू चाळून व भाजून काढावी लागते. मग वांगे-बटाटा, कैरी किंवा कोकम यांच्या संगतीने कालवण होते. सोड्यांची खिचडी होते. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बाटलीत भरून ठेवलेला मसाला या पदार्थांना लागतो. आणि काहीच नसले तर निखाऱ्यावर भाजलेला बोंबील तांदळाच्या भाकरीला पुरतो. ताजी मासळी रुचीला श्रेष्ठ असेल. परंतु सुकीचा कस तिच्यात नाही, कारण सुकीमध्ये ऊन, वारा आणि कष्ट यांचा अर्क उतरलेला असतो.

अंधेरीजवळ मरोळच्या बाजारात आजही सुक्या मासळीचे ढीग लागतात, परंतु ज्या मोकळ्या जागांवर ती वाळते त्या जागांकडे वाढत्या नगराची दृष्टी वळली आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांच्या मोजणीची तरतूद केली. घरांबरोबरच मासळी वाळविण्याच्या जागाही त्या मोजणीत रुजू झाल्या पाहिजेत. मासळी वाळवावयास अंगणच उरले नाही, तर शेकडो वर्षांची ही विद्या एका पिढीत लुप्त होईल, आणि ती राखण्याची जबाबदारी एकट्या कोळ्यांची नसून त्यांच्या हातचे खाऊन वाढलेल्या सर्व उपनगरवासीयांची आहे.