आधी पाहणी, मग उभारणी

मागे एका देवस्थानच्या महाजनांच्या वार्षिक सभेस आम्ही हजर होतो. जमाखर्च वाचून झाल्यावर एका वयोवृद्ध महाजनांनी सूचना केली की, गावातील पडीक शेती पुन्हा लागवडीस यावी म्हणून महाजनांनी आपसांत वर्गणी काढून एखादा उद्योग आरंभावा. सूचना सर्वांस आवडली. कोणी भाताच्या गिरणीचे नाव घेतले, कोणी काजूच्या कारखान्याचे. इतक्यात मागच्या बाकावरून एका गृहस्थांनी विचारले, "पडीक जमीन आहे तरी किती? आणि ती पडीक का पडली?" उत्तर कोणापाशीच नव्हते. वर्गणीचा आकडा मात्र तोवर ठरत आला होता.

असे अडचणीचे प्रश्न विचारण्याचे व्रत घेतलेली एक संस्था पुण्यास आहे. तिची हकीकत आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावी अशी आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. सरकारशी भांडावयाचे ते आकडे हाती घेऊन, ही गोखल्यांची रीत. त्यांच्या पश्चात, ६ जून १९३० रोजी, साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे ह्यांनी समाजास दिलेल्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था उभी राहिली. दान म्हटले की आपल्यापुढे अन्नछत्र येते, धर्मशाळा येते, घाट येतो. काळे ह्यांनी आपले द्रव्य ज्या कार्यास वाहिले ते डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते होते चौकशीचे कार्य. देशाच्या दारिद्र्याचा विचार करण्यापूर्वी ते नीट मोजावे, ह्यासाठी दिलेले हे दान होते.

संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेला हा विद्वान १९३० पासून १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या आसनावर राहिला. परंतु पहिल्या पाहण्यांचे विषय पाहिले तर त्यांत विद्वत्तेचा थाट कोठेच दिसत नाही. १९३३ साली पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार बसवाहतुकीची. १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत काय काय घडते, रस्त्यावर मोटार आली म्हणजे खेड्याचे काय होते, शेतकऱ्याच्या पदरात वर्षअखेर काय उरते, असे हे साधे प्रश्न. साधे म्हणूनच ते सहसा कोणी विचारीत नसे.

ह्या पाहण्यांतून कार्य कसे उभे राहिले, हे पाहण्यासाठी नगर जिल्ह्यात जावे लागते. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि तिच्या कालव्यांखाली ऊस वाढला. १९३२ साली साखरेच्या धंद्यास जकातीचे संरक्षण मिळताच खाजगी कंपन्यांनी कारखाने काढले. शेतकरी मात्र आपला ऊस गुऱ्हाळात नेऊन गूळ करी, आणि गुळाचा भाव कोसळला की सावकाराच्या दारी उभा राही. पाणी सरकारचे, घाम शेतकऱ्याचा आणि साखरेचा नफा कंपनीचा, अशी ती वाटणी होती. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी गाडगिळांनी केली. तिचे पुस्तक १९४८ साली निघाले. पाणीपट्टीपोटी सरकारी खजिन्यात किती रुपये पडले, एवढ्यावर कालव्याचे मोल ठरत नाही. त्या पाण्याने प्रदेशाचे जीवन किती बदलले हेही जमेस धरले पाहिजे, ही दृष्टी त्या पाहणीने दिली.

पुस्तक लिहून गाडगीळ थांबले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण ते थांबले नाहीत. पुस्तक निघण्यापूर्वीच, १९४५ च्या डिसेंबरात, बेलापूर रोड येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी ते होते. शेतकऱ्यांनीच सहकाराने साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी तो डोक्यावर घेतला. शालेय शिक्षण बेताचे, पण माणसांची पारख पक्की असा हा शेतकरी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करू लागला. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांचे पाठबळ मिळाले. १९४८ साली संस्थेची नोंदणी झाली आणि १९५० सालच्या अखेरीस पहिले गाळप सुरू झाले. कारखान्याचे आरंभीचे अध्यक्ष स्वतः गाडगीळ होते आणि उपाध्यक्ष विखे पाटील. एकाने हिशेब आणला, दुसऱ्याने विश्वास आणला. दोहोंपैकी एक उणे असते तर कारखाना कागदावरच राहिला असता.

वकिलीच्या दृष्टीने येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनीत मत भागाला असते, सहकारी संस्थेत ते माणसाला असते. दहा भाग घेणाऱ्या बागायतदारास जेवढे मत, तेवढेच एक भाग घेणाऱ्या अल्पभूधारकास. कायद्याच्या ह्या एका कलमाने गुऱ्हाळवाल्या शेतकऱ्यास कारखान्याचे मालक केले.

पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणीच्या संचालन समितीतही गाडगीळ होते. १९५४ सालच्या तिच्या अहवालाने सर्वांचे डोळे उघडले. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास होता आणि सावकारांचा शेकडा सत्तरच्या घरात. सहकाराचा पुरस्कार करणाऱ्यांनीच सहकाराचे अपयश असे उघड मांडले, ह्यात त्यांच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागली. आपल्या आवडत्या कार्याचे दोष मोजण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने पाहणीच्या वाटेस जाऊ नये.

प्रवरानगरच्या यशानंतर पुष्कळ कारखाने निघाले. ते सर्वच तशा विचाराने निघाले, असे आम्हांस म्हणवत नाही. यंत्रे आणता येतात, नियमावलीची नक्कल करता येते. उसाची, पाण्याची आणि माणसांची चौकशी मात्र प्रत्येक ठिकाणी नव्यानेच करावी लागते. ऊस पाणी फार पितो, आणि अवर्षणाच्या मुलखात ते कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. आमच्या गोमंतकात धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी साखर कारखाना १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मोठ्या उमेदीने उभा राहिला. २०१९-२० च्या हंगामापासून त्याचे गाळप बंद पडले, आणि आपला ऊस घाटापलीकडे खानापूरच्या बाजूस धाडण्याची वेळ येथील शेतकऱ्यांवर आली. दोष कोणाचा, हा निवाडा देण्यास आम्ही बसलेलो नाही. पण बंद धुराड्याकडे पाहताना सभेतील मागच्या बाकावरचा तो प्रश्न आम्हांस आठवतो.

देवाचा खजिना ह्या कामी लागावा, असे आमचे म्हणणे नाही. देवस्थानच्या निधीस कायद्याच्या मर्यादा आहेत आणि त्या असाव्यातच. परंतु पै-पैचा जमाखर्च सभेपुढे मांडण्याची सवय महाजनांस पूर्वापार आहे. तीच सवय गावाच्या शेतीस लावावी, एवढेच आमचे मागणे. किती शेत पडीक, बांध कोठे फुटला, कूळ कोठे गेले, तरुण परगावी का निघाले, हे गावातील चार शिकलेल्या मुलांनी एका उन्हाळ्यात लिहून काढता येईल. त्यास खर्च वह्यांचा आणि चपलांचा.

त्या सभेत शेवटी वर्गणी ठरली नाही. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांवर काही मंडळी रागावलीही. आम्ही मात्र त्यांना बाहेर गाठून नमस्कार केला. पुढील सभेपूर्वी ते यादी करणार आहेत, आणि तिच्यातील पहिले चार बांध त्यांच्याबरोबर चालून पाहण्याचे आम्ही कबूल केले आहे.