रंगाऱ्याची सुतळी

विजेच्या इतिहासात फ्रँकलिन, व्होल्टा, फॅरडे यांची नावे आपण आदराने घेतो. परंतु वीज एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, हे ज्याने प्रथम दाखविले तो स्टीफन ग्रे हा कँटरबरीचा रंगारी होता. कापड रंगविणे हा त्याचा वडिलार्जित धंदा. म्हातारपणी तो लंडनच्या चार्टरहाऊस या धर्मादाय आश्रमात राहिला.

१७२९ साली तो काचेची नळी घासून तिने पिसे ओढण्याचे प्रयोग करीत होता. धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाला बूच बसविले होते. घासली काच, आणि पीस ओढले बुचाने! तेव्हा त्याने नळीला सुतळी बांधून टोकाला हस्तिदंताची गोळी लोंबकळत सोडली. तीही हलके कण ओढू लागली. मात्र तीच सुतळी सुतळीच्याच फाशांनी तुळईला आडवी टांगली, तर गोळी निर्जीव राही. वीज तुळईत निघून जात होती.

त्याच वर्षी जुलैत त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर याने सुचविले की सुतळी रेशमी दोऱ्यांवर टांगावी. दोरा बारीक, तेव्हा त्यातून वीज कमी जाईल, असा तर्क. सुमारे ८० फुटांवर प्रयोग साधला. पुढे लांबी वाढविली तेव्हा भाराने रेशीम तुटले. त्याच्या जागी बारीक पण मजबूत पितळी तार घेतली, आणि गोळी एक कणही ओढीना. मर्म बारीकपणात नव्हते, पदार्थात होते. वाहक आणि विरोधक हा भेद अशा रीतीने एका तुटलेल्या दोऱ्याने शिकविला.

१८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर त्याचे कारण उमगले. घर्षणाने एका पदार्थावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. पितळेत ते मोकळे फिरतात, म्हणून भार वाहून जातो. रेशमात व काचेत ते जखडलेले, म्हणून भार जागीच राहतो.

गिरणीत हाच नियम चालतो. कोरड्या हवेत सूत यंत्रावर घासून भारित होते. सारख्या भाराचे तंतू एकमेकांना दूर लोटतात, सूत पिंजारते व तुटते. हवा दमट ठेवली की तंतूंवरच्या ओलाव्यातून भार झिरपून जातो. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडतात. पण जो दमटपणा सुताला मानवतो, तोच माणसाचा घाम वाळू देत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १५ वे कलम या कृत्रिम दमटपणाला मर्यादा घालण्यासाठीच होते.

‘सुताला ओल लागते’ एवढे उत्तर ऐकून आम्ही कामगारांनी गप्प बसू नये. किती लागते आणि कशासाठी लागते, हे विचारावे. तो प्रश्न नेमका विचारता येण्यासाठी रेशीम आणि पितळ यांतला भेद आपल्याला ठाऊक असला पाहिजे; आणि तो शोधून काढणारा आपल्यासारखाच एक कारागीर होता.